कमलबाईचे कोरे रकाने

कमलबाई भिकनला ओलांडून थेट हेमराजसमोर गेली आणि भिकनच्या पोटात दुखलं. नंदुरबारात खाजगी तपासाचं काम दोघं मिळून करत. लोकांना मात्र एकटा हेमराजच दिसायचा.

तिने छापील कागद पुढे केला. "दादा, मी रोज त्रेसठ किलो मिरची निवडी. मंग सरासरी छत्तीस कशी? आज सांजले मुकादम ठरी."

कागदावर आठवड्याचे सात रकाने होते. तिच्या ओळीत चार वेळा त्रेसष्ट, बाकी तीन कोरे. दोन दिवस ती म्हसावदला लेकीकडे होती. एक दिवस बाजाराचा, तेव्हा मिरची वाळवायची पथारीच बंद असते. कोरा दिवस सरासरीत धरत नाहीत. सर्वांत जास्त सरासरी, तिला मुकादमी.

"कॉम्प्युटर चुकला असेल," भिकन म्हणाला.

"कॉम्प्युटरला कुणाचा हेवा वाटत नाही," म्हणत हेमराजने चपला घातल्या.

पथारीवर बेबीबाई देठ खुडत होती. तिची सरासरी चौपन्न, म्हणजे मुकादमी तिचीच. कमलबाईचं नाव काढताच तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"जळस मी तिनावर, हाई खरं शे. पण माले कॉम्प्युटर काय कळस?"

"तिच्या भाच्याला कळतं," भिकन कुजबुजला.

भाचा नवनीत तिथला कारकून. "वजनं मी वहीत लिहितो," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी कुलूपही मीच लावतो. कॉम्प्युटरवर रुचिकावहिनी चढवतात."

रुचिका ही मालकीण चेतनाबाईंची सून, पंधरा दिवसांपूर्वी पुण्याहून आलेली. ती घरीच बसून काम करी, म्हणून दोघं तिच्याकडे घरी गेले. "मला ठसका लागतो, मी पथारीकडे फिरकत नाही. वहीत आहे तेच चढवलं."

"कमलबाई नुसत्या वासावर मिरचीचा भाव सांगते," चेतनाबाई कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या सूनबाईंना ठसका!"

रुचिकाने ओठ दाबले.

हेमराजने सगळ्यांना कॉम्प्युटरभोवती बोलावलं.

"भाच्यानेच केलं," भिकन घाईने म्हणाला.

"चार त्रेसष्टं दोनशे बावन्न. छत्तीस यायला भागायचं कितीने?"

"सा... साताने!"

"म्हणजे तिन्ही कोरे रकाने मोजले गेलेत." हेमराजने त्यातल्या एकावर टिचकी मारली. रकाना कोराच राहिला, वरच्या पट्टीत मात्र शून्य उमटलं. "आत शून्य भरलंय. आणि शून्य आलं तर काहीच दाखवू नकोस, असं सेटिंग या रकान्यांना लावलंय. डोळ्यांना दिसत नाही, सरासरीत धरलं जातं. बाकीच्यांचे रकाने खरोखर रिकामे आहेत."

"पण कोणी भरलं?" चेतनाबाईंनी विचारलं.

"बाजाराच्या दिवसाचं शून्यही भरलंय; पथारीच बंद, तेव्हा ते पाहताच लबाडी कळते. त्या दिवशी कुलूप लावणारा नवनीत ही चूक करणार नाही. पथारी बंद असते हे ठाऊक नसलेलं, आणि कॉम्प्युटर येणारं, इथे एकच माणूस आहे."

रुचिका उसळली. "हो, मीच! भाजी केली तर कमलबाईसारखी नाही. बोलले तर कमलबाईसारखं नाही. या घरात मी आहे तरी का?"

चेतनाबाई कडाडणार, तोच कमलबाई मध्ये आली.

"मालकीण, मुकादमी मी लेस. पण मन्हं कौतुक आते पुरे. घरमा सून उनी शे, तिले बी कधी चांगलं म्हना."

चेतनाबाईंनी शेजारची खुर्ची ओढली.

"रुचिका," त्या म्हणाल्या, "बस इथं."

पंधरा दिवसांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.