पोवळी अळंबी

"पाय ठेवू नका!" कुणीतरी ओरडलं.

देडतलाईला मावशीकडे आलेली कुसुम रानवाटेवर एका पायावर थबकली. बांबूखाली एक तरुण पालथा पडला होता, आणि त्याच्या नाकापुढे पाचोळ्यातून फांद्याफांद्यांची, पिवळसर, अगदी पोवळ्यासारखी अळंबी वर आली होती.

"अन् कधीपर्यंत अशी उभी राहू?"

"झालंच..."

कुठलं व्हायला! तिचा पाय भरून आला, तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला.

हा अनंत, मूळचा नागपूरचा, बुऱ्हाणपूरच्या सरकारी शाळेतला विज्ञानाचा मास्तर. कुसुम बुऱ्हाणपूरच्याच इतवाऱ्यातली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. मग काय, पावसाळाभर अळंबीचं निमित्त! तो अळंबी कागदावर ठेवून वर वाडगं पालथं घालायचा, बीजाणूंची भुकटी पडली की कुसुमला दाखवायचा.

"पिवळी पडली की! आता तरी नाव सांगा."

"पक्कं नाही. अजून दोन जाती उरतात."

तिच्यावर त्याचा जीव जडलाय, हे इतवाऱ्यातल्या पानवाल्यालाही मालूम होतं. अनंतच्या तोंडून मात्र अक्षर फुटेल तर शपथ!

अशात, छप्पन साली, राज्यांची नवी वाटणी ठरली. नागपूर मुंबई राज्यात जाणार, बुऱ्हाणपूर इकडेच राहणार. कुठल्या राज्यात नोकरी करायची, ते सरकारी मास्तरांनी कळवायचं होतं. अनंत गेला तर? कुसुम तडक त्याच्या प्रयोगशाळेत शिरली.

"मास्तर, आज सांगाच."

"नाव? अजून पक्कं—"

"चुलीत गेली ती अळंबी! तुम्ही नागपूरला चाललात का?"

तो चष्मा पुसत राहिला. "नाही... इथंच राहतो, असं काल हापिसात सांगून आलो."

"का?"

"तुम्ही इथं आहात... म्हणून."

कुसुमला हसू आलं, रडू आलं. पण सगळ्यांत जास्त आला संताप.

"अन् मी नाही म्हटलं असतं, फिर?"

"ते..." तो स्वतःच चकित झाला. "ते तपासलंच नाही मी."

"वा! हापिसातल्या बाबूला आधी सांगितलं, अन् मला आता? चला घरी. बाबांसमोर बोला. आणि रस्त्यात खाली बघत चालायचं नाही!"

तो खाली बघत नव्हताच, तिच्याकडेच बघत होता. म्हणून तर शाळेच्या पायरीवर ठेचकाळला. कुसुमनं कपाळाला हात लावला, मग सगळ्यांदेखत त्याचा हात धरला, आणि इतवारा येईपर्यंत काही सोडला नाही.