सोनाबाईचा जप

भरती यायला अजून उशीर आहे. मचव्यात मीठ भरून झालंय, आता पाण्याची वाट बघायची, एवढंच काम. बसा असे जवळ. मघाशी विचारत होता ना, कमळाकर भटजी भिक्षुकी सोडून वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला का बसले म्हणून? सांगतो. त्यांनीच मला सांगितलंय, याच धक्क्यावर बसून. त्यात मी माझं काही घालणार नाही.

साल छप्पन. वैशाख महिना. भटजी तेव्हा ऐन तिशीतले, विरुपाक्षाच्या देवळामागे राहायचे. एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर झोळीत आसन, पळी-पंचपात्री आणि रुद्राक्षाची माळ घालून ते खाडीच्या बांधाने निघाले. काशीराम मिठागरवाल्याचं बोलावणं होतं. वडिलांपासूनचं यजमानाचं घर, नाही कसं म्हणणार? काशीरामची आई सोनाबाई अंथरुणाला खिळली होती. तिच्यासाठी मृत्युंजयाचा जप करायचा होता. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून करतात तो. भटजींनी तो कितीतरी घरांत केला होता, आणि माणसं उठून जेवायला बसलेलीही पाहिली होती. त्यामुळे ते मोकळ्या मनाने चालले होते बिचारे.

घरापुढे मांडव घालणं चाललं होतं. काशीरामच्या मुलीचं, मालूचं, लग्न अगदी तोंडावर आलं होतं. नवरा उरणकडचा.

सोनाबाई मागच्या खोलीत. पोटात गाठ होती तिच्या, पनवेलच्या डॉक्टरने हात टेकले होते. हाडांवर नुसतं कातडं. कूस बदलायची म्हटली तरी जीव जायचा. भटजींनी पळीत पाणी घेतलं आणि संकल्पासाठी विचारलं, आजींना आराम पडावा असंच म्हणू ना? संकल्प म्हणजे काय, जप कोणासाठी नि कशासाठी ते देवाला आधी सांगायचं असतं.

काशीराम उंबऱ्यात उभा होता. फार हळू बोलायचा तो. त्याचा चढलेला आवाज गावात कोणी ऐकला नव्हता.

"आराम कशाला तिला आता?" तो म्हणाला. "मालूचा लगीन लागंपत्तुर जीव र्‍हाया पाहिजे. मधीच गेली तं सुतक. सोयरं थांबनार नाय. लगीन लागला का मंग खुशाल जाऊ दे. तसाच सांगा देवाला."

हे म्हातारीच्या समोरच बोलला तो. ती ऐकत होती.

भटजी घुटमळले. पण संकल्प यजमानाचा. त्यांनी तसंच म्हणून पाणी सोडलं.

एरवी हा जप ओठातल्या ओठात करायचा. काशीरामने सांगितलं, मोठ्याने म्हणा, मांडवात ऐकू गेलं पाहिजे. म्हातारी आहे अजून, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सोनाबाईने भटजींना विचारलं, यात सांगता तरी काय देवाला? भटजींनी सोपं करून सांगितलं, की पिकलेली काकडी वेलीवरून जशी अलगद सुटते, तसं आम्हाला मरणाच्या बंधनातून सोडव.

म्हातारी हसली. हसताना पोट धरलं तिने.

"मंग मी काय कवळी हाय भटजी? पिकून कुजाया लागलेय. नि तुमी देठाला सुतळी बांधताव?"

 भटजी माळ ओढत राहिले.

आणि बाबांनो, जप लागू पडला. बरं वाटलं नाही तिला, पण जीवही जाईना. अन्न पोटात ठरत नव्हतं, झोप नव्हती. पाठीला जखमा पडल्या. त्यांचा वास मांडवात जाऊ नये म्हणून काशीरामने खोलीत ऊद जाळला. हळदीच्या दिवशी तर असं झालं, की भटजी पाणी प्यायला थांबले की तिचा श्वास अडायचा, आणि चेहरा सैल पडायचा, ओझं उतरल्यासारखा. पुन्हा 'त्र्यंबकं' म्हटलं की श्वास आत ओढला जायचा. बोरीच्या काट्यांतून लुगडं ओढावं तसा. मग ती कण्हायची.

भटजींनी काशीरामला बाजूला घेऊन सांगितलं, थांबवूया, हे हाल बघवत नाहीत. तो म्हणाला, तुम्हाला बघायला कोणी सांगितलंय? डोळे मिटून म्हणा.

ती हळदीची रात्र, वैशाख वद्य नवमीची. चंद्र उगवायचा होता. बाहेर धवलारीण लग्नाचे धवले गात होती, बाया तिच्यामागून म्हणत होत्या. आत चिमणी, उदाचा धूर आणि भटजी.

म्हणता म्हणता त्यांच्या ध्यानात आलं, कण्हणं ऐकू येत नाही. नाकाखाली हात धरला. वारा नाही. पाय गार. डोळे उघडे, पण त्यांत बघणं नव्हतं.

भटजींनी माळ खाली ठेवली. मला म्हणाले, आधी बरंच वाटलं हो. सुटली.

आवाज थांबला तसा काशीराम आत आला. आईकडे पाहिलं. दार लोटून घेतलं.

"म्हणा."

"अहो काशीरामभाऊ, गेल्या त्या."

"कोन गेली?" तितक्याच हळू. "उद्या अक्षता पडल्याव जाईल ती. म्हणा, भटजी."

भटजी म्हणू लागले. प्रेताच्या उशाशी बसून, जगवायचा मंत्र.

बाहेरचं गाणं संपलं. माणसं निजली. भटजींचा घसा बसत आला. आणि मग...

छाती हलली.

त्यांना वाटलं, चिमणी हलली. नाही. छाती.

ते थांबले. छाती थांबली.

त्यांनी म्हटलं. छाती वर आली.

हात लावून पाहिला. अंग गारच. दगडासारखं.

डोळे फिरले. भटजींवर येऊन थांबले. ओठ सुटले.

"तोडा..."

भटजींना पळायचं होतं. पण दाराबाहेर काशीराम बाज आडवी टाकून निजला होता. भटजी म्हणत राहिले.

सकाळी मालू आजीच्या पाया पडायला आली. बापाने तिला उंबऱ्यावरच थांबवलं, जप मोडू नको म्हणाला. पोरीने उंबऱ्यावर डोकं टेकलं. "येते गं आजे." गोधडीतून हात वर आला. आजीने आशीर्वाद दिला म्हणून पोर हसत गेली. भटजी जवळ बसलेले. त्यांना बोटं दिसत होती. देठ खुडावा तशी चिमूट केली होती म्हातारीने. नातीला दाखवत होती.

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. काशीराम आत येऊन म्हणाला, बास करा आता. भटजी थांबले.

जप थांबला नाही.

दोघांनी अंथरुणाकडे पाहिलं. सोनाबाई म्हणत होती. जन्मात पाटी न धरलेली बाई... स्वच्छ, एकेक शब्द. डोळ्यांतून पाणी गळत होतं. भटजी म्हणाले, तिला म्हणायचं नव्हतं हो. जीभच म्हणत होती.

"आये," काशीराम म्हणाला, "झाला लगीन. जा आता."

जप चालूच.

बाहेर वरात निघायची होती. काशीरामने भटजींना दंडाला धरून ओटीवर आणलं, स्वतः आत गेला आणि कडी लावली.

भटजी ऐकत उभे. मंत्र... मंत्र... मग गोधडीखालून आल्यासारखा... मग काहीच नाही.

काशीराम बाहेर आला. धोतराला हात पुसले. वरात बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत गप बसून राहिला. मग रडला. गावाने पहिल्यांदा त्याचा मोठा आवाज ऐकला.

खाडीकाठच्या मसणवटीत तिला जाळली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला भटजींनाच नेलं. दूध शिंपडून झालं. लाकडं चांगली सुकी होती, सगळं नीट जळलं होतं. हाडं हातात घ्यावीत तर भुगा. काशीरामने काडीने डोक्याकडची राख सारली.

जीभ होती.

जळली नव्हती. काळीसुद्धा पडली नव्हती. ओली होती.

काशीरामने पायाने तिच्यावर राख लोटली. "पुढचा म्हणा," म्हणाला.

 भटजी त्या राखेकडे बघत होते. लोटलेली राख मधोमध हलली... आणि कडेला सरली. थोडी. मग आणखी थोडी. आतून कोणी फुंकर घालावी तशी.

आणि त्या सकाळी वारा नव्हता. खाडीवर तरंगसुद्धा नव्हता.