सहाची हजेरी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. हवं तर या दिव्यावर हात ठेवून सांगतो. इमारत दहा मजली होती. मागच्या खेपेला मी बारा म्हणालो होतो, पण तेव्हा ऐकणारे जास्त होते. आणि मी स्वतः तिथे नव्हतो, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी उलटतपासणी घ्यायला नको.

साल शहाण्णव. गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांत इमारती उगवत होत्या. जाहिरातीत कारंजी आणि जागेवर धूळ. तशाच एका न विकल्या गेलेल्या इमारतीच्या गच्चीवर हवा तपासायचं यंत्र बसवलं होतं. यंत्र म्हणजे खुराड्याएवढा पत्र्याचा डबा. आत मोटर, वर पांढरा कागद. मोटर हवा ओढणार, धूळ कागदावर बसणार. बाजूला काचेची वाकडी नळी आणि तीत निळं पाणी. ओढ किती आहे ते पाण्याच्या उंचीवरून कळायचं. रात्रभराचा कागद सकाळी सहाला काढून नवा लावायचा, ही खंडेरावांची पाळी. खंडेराव साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन दिल्लीत मुनिरक्याला एका खोलीत बायकोसह राहणारे. नोकरी गेली असती तर त्या वयात त्यांना दिल्लीत दुसरी कुणी दिली नसती.

आणि ती जायच्या बेतात होती. महिनाभर सकाळच्या कागदांत एकच खोट येत होती. सगळा कागद काळाकुट्ट, पण मधोमध पुरीएवढा गोल पांढराशुभ्र, जणू तेवढ्या जागी हवा शिरलीच नव्हती. ऑफिसातल्या साहेबांचं निदान तयार होतं. "आदमी ढक्कन रखकर घर पे सोता है, मॅडम. साइन कर दीजिए." कामावरून काढायचं पत्र टाइप झालं होतं, फक्त इंदुमतीबाईंची सही हवी होती.

इंदुमतीबाई पुण्याच्या, रसायनशास्त्रातल्या. नुकत्याच अंटार्क्टिकाचा एक उन्हाळा काढून आलेल्या. संशय त्यांनाही होता. पण न बघता सही करायची नाही, एवढा पुणेरीपणा शाबूत होता. न कळवता सहाला गाठायचं, माणूस गैरहजर दिसला की सही करायची, असं ठरवून डिसेंबरातल्या एका पहाटे त्या जीपमधून उतरल्या.

धुकं असं, की स्वतःचा हात परका वाटावा. कोळशाचा, जळक्या टायरचा वास घशात चिकटत होता. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. दहा मजले चढताना त्यांच्या चपलांचा आवाज एक जिना मागे राहून येत होता. वरचं दार ढकललं. पिवळा दिवा, मोटरची घरघर आणि यंत्रापाशी डोक्यावरून मफलर गुंडाळलेले खंडेराव.

"आलात मॅडम." आवाज अगदी हळू.

"तुम्ही माझ्या आधी?"

"मी असतोच इथं."

बाईंना बरं वाटलं आणि थोडी निराशाही झाली. संशय महिनाभर पोसला की त्याचाही लळा लागतो. त्यांनी डब्याभोवती एक चक्कर मारली. झाकण नाही, ताटली नाही.

"कागदावर काय झाकता, खंडेराव? खरं सांगा. मी साहेबांना सांगणार नाही."

"झाकत नाही मॅडम... टेकवतो."

"काय टेकवता?"

बाईंनी मोटर बंद केली. अंटार्क्टिकात हवा इतकी स्वच्छ, की कागद बदलताना माणसाच्या एका श्वासानं नमुना नासतो. म्हणून तिथे श्वास रोखूनच हात लावायचा. दिल्लीच्या हवेत हे सोवळं कशाला, म्हणून ऑफिसात सगळे हसत, पण सवय काही सुटली नव्हती.

"श्वास धरा," त्या म्हणाल्या आणि स्वतःचा धरला. खंडेरावांनी बहुधा केव्हाच धरला होता. एवढ्या थंडीत त्यांच्या मफलरातून वाफेचा धागासुद्धा निघत नव्हता.

मोटर थांबली की नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं व्हायला हवं. झालं. मग डावीकडचं हळूच चढलं... उतरलं. पुन्हा चढलं... उतरलं. संथ, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. वारा नव्हता. बाई मनात आकडे मोजत राहिल्या. तीसला छाती जळू लागली, चाळीसला त्यांनी श्वास सोडला.

त्याबरोबर पाणी थांबलं. कुणीतरी कान देऊन ऐकू लागावं तसं.

"हे... रोज होतं?"

"रोज कुठलं, मॅडम... हवा मिळेल तेव्हा."

बाईंनी कागद काढला. मधल्या पांढऱ्या गोलाची कड ओली होती. नवा कागद कसा लावला, दहा मजले कशा उतरल्या, त्यांना आठवत नाही. ड्रायव्हरला रस्ता दिसेना, म्हणून त्या काचा वर करून जीपमध्येच बसून राहिल्या. पत्र पर्समध्ये होतं, पण सहीचा प्रश्नच मिटला होता. माणूस जागेवर सापडला होता.

एवढंच सांगून मी थांबतो बऱ्याचदा. पण दिव्यावर हात ठेवलाय, तर कबूल करतो. गच्चीवर खंडेराव होते, हे मी रचलं. बाईंनी मला सांगताना नाव घेतलंच नव्हतं. मफलरवाला, एवढंच म्हणाल्या होत्या. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून मी तिथे खंडेराव उभे केले, आणि पटत गेलं म्हणून तसेच ठेवले.

खंडेराव आले पावणेआठला, धापा टाकत. धौला कुआँपाशी बस धुक्यात अडकली होती. जीपमध्ये बाई दिसल्या तसा त्यांचा चेहरा उतरला.

"आज चूक झाली मॅडम. लिहा गैरहजर, माझी तक्रार नाही." मग बाईंच्या मांडीवरचा काळा कागद त्यांना दिसला. "पण तुम्ही वर गेलात कशा? गच्चीला कुलूप असतं." त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. "ही एकच आहे."

बाईंनी सोबत आणलेली हजेरीची वही मांडीवर घेतली. गैरहजर लिहायचं, तर सहाला गच्चीवर कोण होतं तेही खाली लिहावं लागलं असतं. त्यांनी खंडेरावांच्या नावापुढे 'हजर, सहा वाजता' असं लिहिलं, सही केली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चलो. रस्ता दिसत नसला तरी चलो."