उशांवरचा खळगा

मोठे साहेब, तुम्ही खोटं बोललात.

हॉस्पिटल तुमचं, खुर्ची तुमची, डॉक्टरांना गेलेला फोनही तुमचाच. तरी दाजींना म्हणालात, "डॉक्टरांनी ठरवलं, माझा काय संबंध?" दाजी तुमची गाडी चालवतात, म्हणून गप्प बसले.

मी तुमची गाडी चालवत नाही.

पुढे लिहिलंय ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. तेही भर दुपारी. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

दाजींना हार्ट अटॅक आला तो स्टेअरिंगवरच. जीव वाचला, पण हृदयाची एक झडप गळायला लागली. पुढे ढकललेलं रक्त मागे यायचं, फुप्फुसात पाणी साचायचं. आडवं पडलं की बुडाल्यासारखं व्हायचं. म्हणून पाठीशी उशांची चळत लावून बसल्या बसल्याच झोपायचं.

तुमच्या हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर तोच आजार, तशीच चळत. नळाची कामं करणारा माणूस. सगळा वॉर्ड त्याला मिस्त्री म्हणायचा.

"जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, आणि आता मीच गळतोय!" असं म्हणून तो हसायचा. हसला की धाप लागायची. धाप लागली की नखाने खाटेचा लोखंडी दांडा वाजवत बसायचा.

टण्... टण्...

छाती उघडून ऑपरेशन दोघांनाही झेपणार नव्हतं. जांघेतल्या शिरेतून नळी घालायची आणि झडपेला आतून चिमटा लावायचा, एवढाच उपाय. तो लावणारा डॉक्टर बाहेरगावाहून अधूनमधून यायचा. त्या खेपेला एकच पेशंट घेणार होता.

नंबर मिस्त्रीचा होता. त्याची तब्येत जास्त खालावली होती. हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं.

दाजींनाही.

सकाळी सिस्टरने मिस्त्रीची जांघ भादरली, हिरवा गाऊन चढवला. "मी सांगेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही हं, काका."

"तुझं ऐकतो बाई. बायकोचं ऐकलं असतं तर इथे आलोच नसतो."

मग सिस्टर दाजींकडे वळली. त्यांचीही तीच तयारी केली. का, ते दाजींनी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला होतात ना, साहेब! "घाबरू नकोस, तुझं उद्याच उरकून टाकू."

ट्रॉली आली. मिस्त्री उशांवरून सरसावून बसला. ट्रॉली त्याच्या समोरून गेली आणि... दाजींच्या खाटेशी थांबली.

"अहो, इकडे! नवरदेव इकडे बसलाय!" मिस्त्री म्हणाला.

कोणी हसलं नाही.

'आधी त्यांना न्या.' दाजींच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जीव कुणाला नको असतो? त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि तसेच ट्रॉलीवर जाऊन पडले.

मागून आवाज आला, "सिस्टर, मग मी आता काही खाऊ का?"

"थांबा काका, विचारून सांगते."

दाजींचा चिमटा छान बसला. मिस्त्री त्याच संध्याकाळी गेला. हिरव्या गाऊनमध्येच.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी दाजी आडवे झोपले. एका उशीवर, चक्क घोरत. जाग आली ती आवाजाने...

टण्...

त्यांचा पलंग लाकडी आहे.

शेजारी उशांची चळत भिंतीला टेकून उभी होती. वरच्या उशीत पाठीचा खळगा. दाजींनी हात लावला...

कोमट.

"अगं, या उशा कुणी लावल्या?"

"मी कशाला लावू? तुम्हाला आता लागतात का त्या?" ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

उशा कपाटात कोंबल्या. दुसऱ्या दुपारी परत तेच. मग कपाटाला कुलूप घातलं. कुलूप जागच्या जागी... आणि उशा पलंगावर.

तपासणीचा दिवस आला. इकोच्या खोलीत दाजी कुशीवर, तोंड भिंतीकडे. मशीन चालवणारी मुलगी खूश. "गळती बंद झालीय, काका!" मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"तुमच्या मागे बसलेत ना, त्यांना जरा बाहेर बसायला सांगा. किती धापा टाकतायत..."

ताई दारातच उभी होती. तिने पाहिलं. मागे नुसतं रिकामं स्टूल.

दाजींनी मान वळवली नाही. याही वेळी नाही.

घरी येऊन त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ट्रॉली, मिस्त्री, भिंत.

"आणि तुम्ही गेलात?"

ताई एवढंच म्हणाली आणि तिने जेवायला वाढलं. दाजींनी पहिला घास उचलला. तो तोंडाशी नेला, तेवढ्यात अगदी कानाशी...

"आता खाऊ का?"

ताईच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिनेही ऐकलं होतं.

"खा रे बाबा, खा!" दाजी ढसाढसा रडले. "माझ्या ताटातलं खा!"

काहीच आवाज नाही... मग पलंगाच्या बाजूने, टण्.

दाजींच्या सांगण्याने भागत नाही. रोज दुपारी तोच प्रश्न येतो. हृदय ठणठणीत झालंय, पण घास उतरत नाही. गाल आत गेलेत. ताईसुद्धा हल्ली पाठ फिरवून जेवते.

मी त्या सिस्टरला भेटलो. ती खाली मान घालून म्हणाली, "मी तेव्हाच वर विचारलं होतं. वरून उत्तरच आलं नाही."

हे लिहितोय ते त्यांच्याच घरी बसून. बाहेर लख्ख ऊन आहे. समोर ठेवलेला चहा माझ्याच्याने पिववत नाही. आतल्या खोलीत दाजी एकटेच आहेत, आणि धापा मात्र...

साहेब, वर म्हणजे तुम्हीच ना? मग या इथे, पलंगाशी उभे राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा.

त्याने खायचं, की अजून थांबायचं?