पाटल्यांचा मुलामा

“ह्या सोन्याच्या न्हाईतच!” असं ओरडत शिवशरणने पाटल्या टीपॉयवर आदळल्या, आणि त्याच्यासाठी आणलेला चहाचा कप चैतालीच्या हातातच राहिला.

धाकट्या दिराचं, प्रभुलिंगचं लग्न तोंडावर आलं होतं. नव्या सुनेलाही थोरलीसारख्याच नमुन्याच्या पाटल्या करायच्या होत्या. सिद्धेश्वराला सोमवारची गर्दी, म्हणून सासूने चैतालीला पाटल्या काढून ठेवायला लावल्या, आणि दोघी दर्शनाला गेलेल्या असताना चैतालीचा नवरा शिवशरण त्या नमुन्यासाठी सराफाकडे घेऊन गेला. कौतुकानंच नेल्या बिचाऱ्याने!

“अठरा कॅरेटच्या निघाल्या असत्या तरी गप बसलो असतो! खड्याच्या दागिन्याला तसलंच वापरत्यात, निदान सोनं तरी असतंय. पण सराफानं जरा घासून मशीनवर ठेवल्या आन माज्या तोंडाकडंच बघाय लागला… आत पितळ हाय, वरनं नुसता मुलामा! आईनं लग्नात बावीस कॅरेटच्या घातल्या हुत्या. खऱ्या कुटं गेल्या? तुज्या भावानं मोडनिंबला दुकान टाकलं, तितं?”

चैतालीच्या पायाखालची जमीन सरकली. पाटल्या खोट्या आहेत हे तिला का ठाऊक नव्हतं? लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, सोलापूरच्या त्या घामाच्या धारांत, तिच्या मनगटावर हिरवट काळं कडं उमटलं होतं आणि त्याच दिवशी ती सारं समजून चुकली होती… धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या नवऱ्याच्या भरवशावर तिने माहेर मागे टाकलं, त्याला तिला चोर ठरवायला एक क्षणही लागला नव्हता!

तिने सासूकडे पाहिलं. गिरिजाबाई पदर मुठीत आवळून बसल्या होत्या. “भांडी घासताना पाटल्या काढ गं, सोनं झिजतंय!” असं रोज बजावणारं ते तोंड आज मिटलेलं होतं. घरात लग्न, दारात पाहुणे, आणि या वयात लेकासमोर खाली जाणारी मान! एका वाक्यात चैताली सुटली असती. पण…

“व्हय,” ती खाली बघत म्हणाली, “मीच बदलल्या.”

गिरिजाबाई ताडकन उठल्या. पाटल्या कुणीच बदललेल्या नाहीत, हे त्यांच्याइतकं दुसरं कोण जाणत होतं! त्यांनी सुनेकडे डोळे फाडून पाहिलं, मग एक पाटली उचलून आतून बोट फिरवलं, नखाने खरवडलं… आणि एक पातळ पापुद्रा सुटून आला.

“हे काय लावलंयस गं? बोल की!”

“नेलपॉलिश, आत्या,” हुंदका आवरत ती सासूला म्हणाली. “बिनरंगाचं. मुलामा उडाला की लावते, मंग मनगटाला हिरवं उमटत न्हाई. पयल्या सालापास्नं… चारचौघींच्या नजरंला येऊ नये म्हणून.”

“म्हंजी तुला ठावं हुतं? आन तू एवढी वर्षं…!” गिरिजाबाई मटकन खाली बसल्या. “शिवा, तिनं न्हाई रं बदलल्या! मीच खोट्या घातल्या. तुजं लगीन ठरलं आन तुजे अप्पा दवाखान्यात पडले. माज्या पाटल्या त्यातच गेल्या. बोलणीत बावीस कॅरेटच्या कबूल करून बसलो हुतो… अब्रू जाईल म्हणून तसल्याच दिसणाऱ्या करून आणल्या. आन आज ही पोर माज्यापायी चोर व्हायली, तरी माजं तोंड उघडंना!”

शिवशरण भिंतीला टेकला. जे तोंड मघाशी एवढं चाललं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

“चैताली… कुटल्या तोंडानं माफी मागू गं?”

तिला खूप काही बोलायचं होतं. पण सासूचा श्वास लागलेला पाहून ती एवढंच म्हणाली, “आदी आत्यास्नी पाणी द्या.” तो धावतच आत गेला, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला बसताना तिचा हात सवयीनं पाटल्यांकडे गेला. गिरिजाबाईंनी तो मागून धरला.

“ऱ्हाऊ दे हातात. उडू दे मुलामा,” त्या म्हणाल्या, “आता घरात कुणापास्नं लपवायचं हाय?”