ब्रेकवरचा पाय

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली त्या मच्छिंद्रने मला ती तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा तिच्यात काही बदललं नाही. खोटं सांगणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो, असं मला तरी वाटतं. माझं चुकतही असेल.

तारीख १८ मार्च २००२. सोमवार. कर्वेनगर, पुणे.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारी घडली, लख्ख उन्हात. त्याला माझा इलाज नाही.

मच्छिंद्र जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. लांब डिसमिसचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावायची, आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, अशी त्याची पद्धत. पण नव्या गाड्या आल्या, बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या, आणि त्याच्या गॅरेजपुढच्या फियाट एकेक करून दिसेनाशा झाल्या. हाताखालचा माणूसही एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागला. मच्छिंद्र एकटाच उरला.

त्या दिवशी गॅरेजमध्ये एकच गाडी होती. ओव्हाळ साहेबांची फिकट निळी फियाट.

ओव्हाळ साहेब मात्र नव्हते.

रतन ओव्हाळ पाटबंधारे खात्यात होते. आदल्या जुलैत चांदणी चौकातून खाली उतरताना, गाडी चालवतानाच त्यांना अटॅक आला. शेजारी मुलगी कल्याणी बसलेली. साहेबांनी भर उतारावर गाडी थांबवली आणि तिथेच मान टाकली.

गाडी तसूभरही पुढे सरकली नाही.

लोकांनी त्यांना बाहेर काढायला घेतलं, तेव्हा ब्रेकवरचा पाय निघेना. दोघांनी मिळून तो उचलावा लागला.

तेव्हापासून आठ महिने गाडी ताडपत्रीखाली उभी होती.

साहेब दर वर्षी वीस मार्चला चवदार तळ्यावर जायचे. बायकोला आणि मुलीला घेऊन, याच गाडीतून, वरंध घाट उतरून महाडला. या वर्षी त्यांच्या पत्नी, हिराबाई, म्हणाल्या, "ते नाहीत म्हणून आपण घरी बसायचं नाही." कल्याणी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. लायसन्स होतं, पण घाट तिने कधी चालवला नव्हता. मंगळवारी पहाटे निघायचं ठरलं.

"काका, बाकी काही राहिलं तरी चालेल," ती मच्छिंद्रला म्हणाली होती. "ब्रेक तेवढे बघा. आईला घेऊन घाट उतरायचाय मला."

सोमवारी दुपारपर्यंत मच्छिंद्रने बरंचसं काम उरकलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. कार्बोरेटर उघडून धुतला. पॉइंट घासले. बॅटरी चार्ज केली. तिसऱ्या सेल्फला इंजिन खोकलं आणि सुरू झालं. डॅशबोर्डवरची छोटी बुद्धमूर्ती थरथरायला लागली, तशी त्याने ती हलक्या हाताने पुसून ठेवली.

राहिले ब्रेक. पेडल दाबलं की स्पंजावर पाय दिल्यासारखं खाली जात होतं. म्हणजे नळ्यांमध्ये हवा.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती मच्छिंद्रशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

आदल्या मे महिन्यात मागच्या ब्रेकची रबरी नळी बदलायची होती. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नवी मिळाली नाही. साहेबांना दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. मच्छिंद्रने भंगारातल्या एका गाडीची जुनी नळी काढली, पुसली आणि बसवून दिली.

"नवीन टाकली ना रे?" साहेबांनी विचारलं होतं.

"टाकली की साहेब."

महिन्याभरात गुपचूप बदलून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. मग जुलै आला.

आता ती नळी त्याने हाताने चाचपून पाहिली. बाहेरून बरी वाटली. आधी हवा काढू, मग बघू, असं तो स्वतःशीच म्हणाला.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक सीटवर. चाकापाशी असलेला म्हणतो, 'दाबा'. सीटवरचा पेडल दोन-चारदा मारतो. मग 'धरा'. तो पाय दाबून धरतो. खालचा माणूस निपल, म्हणजे चाकामागची बारकी तोटी, जरासं सैल करतो, तेल आणि हवा बाहेर येते, की निपल घट्ट. मग म्हणायचं 'सोडा'. घाईत आधीच पाय सोडला तर हवा पुन्हा आत जाते आणि सगळी मेहनत फुकट.

सीटवर बसायला ओव्हाळ साहेबांसारखा माणूस नाही, असं मच्छिंद्र म्हणायचा. बारा वर्षं साहेब स्वतः येऊन बसायचे. 'सोडा' म्हटल्याशिवाय त्यांचा पाय कधी हलला नाही. एकदा मच्छिंद्र फोन घ्यायला उठून गेला होता. दहा मिनिटांनी परत आला तर साहेब पाय दाबून पेपर वाचत बसलेले.

आता बसवायचं कोणाला?

शेजारी मालनबाईंचं इस्त्रीचं दुकान होतं. मच्छिंद्रने हाक मारली, "मालनबाई, पाच मिनिटं येता का? ब्रेक दाबायचाय."

"पुण्यात दुपारी कोणी कोणाला हाक मारतं का रे?" पत्र्यापलीकडून आवाज आला. "येते. एवढी चादर होऊ दे."

मच्छिंद्र गाडीखाली सरकला. मागचं डावं चाक काढलेलं होतं. निपलला बारकी नळी लावून तिचं टोक त्याने बाटलीत सोडलं. दोन-तीन मिनिटं गेली.

वर... सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

गाडी जराशी बसली. माणूस बसला की बसते, तशी.

आल्या मालनबाई, असं त्याला वाटलं.

"दाबा."

फस्... फस्... फस्.

"धरा."

त्याने निपल सैल केलं. बाटलीत बुडबुडे आले. निपल घट्ट केलं.

"सोडा."

पेडल वर गेल्याचा आवाज आला. अगदी वेळेवर.

असं पाच वेळा झालं. मच्छिंद्रला बरं वाटलं. "मालनबाई," तो खालूनच म्हणाला, "तुम्ही तर तयार निघालात. इस्त्री सोडा, इथंच या कामाला."

वरून उत्तर आलं नाही.

"दाबा. धरा."

आणि तेवढ्यात पत्र्यापलीकडे मालनबाई कोणाला तरी झापताना ऐकू आल्या. "डाग पडला तो तुमच्या भाजीचा हाय. माझ्या इस्त्रीचा न्हाई."

मच्छिंद्रचा हात पान्ह्यावरच थांबला.

त्याने पडल्या पडल्या मान वळवली. गाडीखालून पलीकडचं अंगण दिसत होतं.

उन्हात एकही पाऊल नव्हतं.

"सोडा," तो म्हणाला.

पेडल वर आलं नाही.

"सोडा."

नाही.

बारा वर्षांत साहेबांनी पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नव्हतं. साहेब, हा शब्द त्याच्या मनात आपोआप आला. त्यानंतर तो हलूच शकला नाही.

आणि मग... त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, ती रबरी नळी फुगायला लागली.

आधी मधोमध बोराएवढी. मग लिंबाएवढी. रबरावर बारीक चिरा उमटल्या. एका चिरेतून तेलाचा थेंब आला, लोंबला, आणि त्याच्या गालावर पडला.

वरून कोणीतरी सगळा जोर लावून दाबत होतं.

हीच नळी उद्या घाटात असती. वर कल्याणी, मागे हिराबाई.

मच्छिंद्र कसाबसा बाहेर सरकला आणि उठून उभा राहिला. ड्रायव्हरचा दरवाजा बंद होता. काच खाली होती. सीटवर कोणी नव्हतं.

पण सीटचं रेक्झिन मधे दबलेलं होतं. आणि ब्रेकचं पेडल... खाली, पार तळाला टेकलेलं.

"साहेब," तो म्हणाला. "नळी बदलतो. आत्ता जातो."

पेडल हळूहळू वर आलं.

मालनबाई पदराला हात पुसत आल्या. "आले बाबा. पण तुला माझं काय काम? गिऱ्हाईक बसलं होतं की गाडीत. एवढ्या उन्हात बसवलंस त्यांना, पंखा तरी तिकडं फिरवायचा होतास."

"कोण होतं?"

"मला काय ठाऊक? पाठमोरे होते. गेले वाटतं."

मच्छिंद्रने स्कूटर काढली आणि नाना पेठ गाठली. दुकान चारला उघडलं. दुकानदार म्हणाला, "फियाटची? आता कोण मागतं?" आणि फळीच्या मागून धूळ झटकत एक नवी नळी काढून दिली.

साडेपाचला नळी बसली. आता पुन्हा हवा काढायची होती.

मच्छिंद्र मालनबाईंच्या दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय रे?"

"काही नाही," तो म्हणाला आणि परत फिरला. त्यांना का बोलावलं नाही, हे त्याला आजही सांगता येत नाही.

तो गाडीखाली गेला. पाठीखालची फरशी अजून तापलेली होती. त्याने डोळे मिटून घेतले.

"दाबा, साहेब."

बाहेर एक रिक्षा गेली.

मग... स्प्रिंगा कुरकुरल्या.

फस्... फस्... फस्.

एकेका चाकाच्या ब्रेकची हवा निघत गेली. दर वेळी पेडल त्याच्या शब्दासरशी खाली गेलं आणि शब्दासरशी वर आलं. मच्छिंद्र सांगतो, भीती होतीच, पण हात नेहमीसारखे चालत होते. शेवटचं चाक उरलं. बुडबुडे थांबले, स्वच्छ तेल आलं.

"धरा."

त्याने निपल आवळलं.

"काका?" गेटमधून आवाज आला. कल्याणी. कंपनीच्या बसमधून उतरून तशीच आली होती, पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं कार्ड.

मच्छिंद्र घाईने बाहेर आला. आता सांगायला हवं होतं. त्याने जुनी नळी हातात घेतली.

"कल्याणी, गेल्या मे महिन्यात मी तुझ्या बाबांना फसवलं. नवीन म्हणून ही जुनी घातली."

तिने नळी हातात घेतली. चिरांवरून तिने बोट फिरवलं.

"आता नवीन आहे?"

"आहे. बाळा, त्या दिवशी जर..."

"त्या दिवशी ब्रेक लागला होता, काका. मी शेजारी बसले होते." तिने नळी त्याच्या हातात परत दिली. "ही टाकून द्या. जपून ठेवायची वस्तू नाही ही."

दुपारचं मात्र त्याने तिला सांगितलं नाही. कसं सांगणार?

दोघांनी वारज्यापर्यंत एक चक्कर मारली. ब्रेक कडक लागत होते, गाडी सरळ थांबत होती. पहाटे मायलेकी निघाल्या.

मच्छिंद्रला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी कल्याणी गॅरेजमध्ये आली. चेहरा उन्हाने रापलेला, पण हसरा.

"घाट कसा गेला?" त्याने विचारलं.

"मस्त. आई तर झोपली घाटात. बाबा चालवत असले तरच झोपायची ती." तिने गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. "काका, एक विचारू? पेडलमध्ये काही अडकतं का?"

"का?"

"उतार लागला की... मी दाबायच्या आधीच ब्रेक लागतो. माझा पाय पोचेपर्यंत पेडल खाली गेलेलं असतं. फक्त उतारावर. वळण यायच्या आधी, जेवढा हवा तेवढाच."

मच्छिंद्रने तासभर सगळं तपासलं. मास्टर सिलिंडर, पेडलची स्प्रिंग, चारही ड्रम. कुठेही काही सापडलं नाही.

ती गेल्यावर गॅरेज बंद करताना त्याचा हात कुलपावरच थांबला.

त्याला सोमवारची संध्याकाळ पुन्हा आठवली, क्रमाने. दाबा. धरा. निपल आवळलं. कल्याणीने हाक मारली. तो घाईने बाहेर आला...

शेवटचा शब्द त्याने म्हटलाच नव्हता.

गाडी अजून कल्याणीकडे आहे. दर तीन महिन्यांनी ती सर्व्हिसिंगला येते. कल्याणी पाणी प्यायला मालनबाईंकडे गेली की मच्छिंद्र ड्रायव्हरच्या दरवाजापाशी उभा राहतो. एक शब्द म्हणायचा, एवढंच तर काम. तो तोंड उघडतो. मग त्याला कल्याणीचं आता रोज याच गाडीने हिंजवडीला जाणं आठवतं, चांदणी चौकातला तो उतार आठवतो, आणि तो तोंड मिटतो.

"बरोबर करतोय का मी?" त्याने मला विचारलं.

तो म्हणतो, भीती आता वाटत नाही. पण रिकाम्या सीटकडे बघितलं की एकच विचार त्याचा जीव खातो.

इतके दिवस दाबून धरलाय. साहेबांचा पाय भरून आला असेल.