सतरावी निर्दोष ओळ

"गुरुजी, माह्यं घर कोनंतरी चोरलं!"

१९८७चा वैशाख. विणकर गृहसंस्थेचे अध्यक्ष, निवृत्त संस्कृत शिक्षक बाबनराव यांच्यासमोर वृद्ध तुळसाबाई उभ्या होत्या. हुडकेश्वरला बांधलेली घरे मागावर काम केलेल्या वर्षांच्या ज्येष्ठतेने मिळणार होती. फलकावरच्या यादीत त्यांचे नावच नव्हते. किल्ल्या आजच संध्याकाळी वाटायच्या होत्या.

गुरुजींनी यादी तयार करणाऱ्या दोघांना बोलावले.

संगणक चालवणारी चारुशीला म्हणाली, "मी छापलेल्या इंग्रजी कागदात तुळसाबाई होत्या."

"कागद कुठे आहे?"

"धोंडबाला दिला."

कारकून धोंडबा उसळला. "तोच पाहून मराठीत टाइप केलं मी. मंग उंदरानं कुरतडला, फेकला. काहून वं, मशीन तुही अन् गुन्हा माहा? गुरुजी, हिच्या मशीनले गावाचं नावबी धड लिहिता येत नाही!"

ते खरे होते. नाव, आडनाव, गाव, घर असे चार स्तंभ. मोकळी जागा दिसली की ओळ तोडून पुढचा स्तंभ धरावा, एवढाच नियम चारुशीलेने यंत्राला दिला होता. त्यामुळे गाव 'सावळी खुर्द' असले की 'खुर्द' घराच्या स्तंभात जाई आणि घराचा क्रमांक समासात ढकलला जाई.

"धोंडबा, टाइप करताना तू ते सुधारले का नाहीस?"

"कागदात असंन तसंच उतरवाचं, गुरुजी. तुमचाच हुकूम."

गुरुजी यादीवरून सावकाश बोट फिरवू लागले. सतराव्या ओळीवर ते थबकले.

"चारुशीला, 'सावळी खुर्द' हे यंत्र कधी अखंड ठेवील?"

"नियम बदलल्याशिवाय नाही."

"नियम बदलला असता, तर सावळीच्या पाचही ओळी सुधारल्या असत्या. चार मोडलेल्या आहेत. जागेश्वरची तेवढी निर्दोष आहे. गाव गावाच्या जागी, सतरा क्रमांक घराच्या जागी." त्यांनी चष्मा उतरवला. "म्हणजे ही ओळ यंत्रातून आलेली नाही. ती माणसाने रचली, आणि गावाचे नाव त्याच्या इतके ओळखीचे, की ते तोडावे हे त्याला सुचलेच नाही. धोंडबा, तुझी बहीण सावळीलाच दिली ना?"

धोंडबाचा चेहरा उतरला. "जागेश्वर तिचाच नवरा हाय, गुरुजी. बहिनीच्या डोक्यावर छप्पर नाही..."

"म्हणून तुळसाबाईंचे काढलेस?"

धोंडबाने सदऱ्याच्या खिशातून सतरा क्रमांकाची किल्ली काढली आणि मान खाली घालून पुढे केली.

तुळसाबाईंनी ती मुठीत धरली.

"गरम हाय वं पोरी," त्या चारुशीलेला म्हणाल्या. "सकाळपासून खिशातच ठेवली दिसते यानं."